उरलेल्या पिनांचा हिशेब

दोन खेळाडू घ्या. पहिल्याने दहा फ्रेमच्या डावात पाच स्ट्राइक मारले. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी, नववी या फ्रेममध्ये एकाच बॉलला दहाच्या दहा पिना आडव्या. आरडाओरडा, टाळ्या, मोबाइलवर व्हिडिओ. मधल्या पाच फ्रेममध्ये मात्र दोन्ही बॉल मिळून नऊच पिना पडल्या, एक उभी राहिली. दुसऱ्या खेळाडूला अख्ख्या डावात एकही स्ट्राइक साधला नाही. दर वेळी पहिल्या बॉलला नऊ आणि दुसऱ्या बॉलला उरलेली एक. त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलंही नाही. डाव संपतो तेव्हा पडद्यावर पहिल्याचे १४० गुण असतात आणि दुसऱ्याचे १९०.

टेनपिन बोलिंगचं गणित असं विचित्र आहे, आणि मॉलमध्ये हौसेने खेळणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसतं, कारण गुण यंत्रच मोजतं. स्ट्राइकला दहा गुण, अधिक पुढच्या दोन बॉलवर पडतील तेवढ्या पिना. दोन बॉलमध्ये दहा पाडल्या तर तो स्पेअर. त्याला दहा गुण, अधिक पुढच्या एका बॉलचे. म्हणजे स्ट्राइकची किंमत त्याच्या पुढे काय घडतं यावर ठरते. स्ट्राइकनंतर लगेच एक पिन राहिली की आधीचा स्ट्राइक एकोणीसवरच थांबतो. शेवटच्या फ्रेममधले जादा बॉल धरून सलग बारा स्ट्राइक मारले तर ३०० गुण, हा खेळातला सर्वोच्च आकडा. पण एकाआड एक स्ट्राइक आणि स्पेअर अशीच माळ लावली तरी बरोबर २०० होतात. उलट आपल्या त्या दुसऱ्या खेळाडूने दर फ्रेममधली शेवटची पिन चुकवली असती, तर त्याचे गुण फक्त ९० झाले असते. एकेकट्या उभ्या राहिलेल्या दहा पिना, आणि फरक शंभर गुणांचा.

म्हणून खेळ सुधारायचा असेल तर माझा सल्ला जरा उलटा आहे. स्ट्राइकच्या मागे लागू नका; आधी उरलेली पिन पाडायला शिका. स्ट्राइक नशिबानेही बसतो. चुकीच्या जागी लागलेला बॉल कधी कधी पिनांची अशी काही उलथापालथ करतो, की दहाही पडतात. कोपऱ्यातली एकटी पिन मात्र नशिबाने पडत नाही. बॉल हवा तिथे पाठवता येतो की नाही, याची खरी परीक्षा तीच घेते. आणि बॉल हवा तिथे जाऊ लागला, की स्ट्राइक आपोआप वाढतात.

आता लेन नीट पाहू. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंतचं अंतर ६० फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटरच्या जरा वर. रुंदी साडेएक्केचाळीस इंच. पूर्वी लेन लाकडाच्या असत, एकोणचाळीस अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी बसवून केलेल्या. जिथे बॉल टेकतो आणि जिथे पिना उभ्या असतात तिथे कठीण मेपल, मधल्या भागात पाइन. आता बहुतेक ठिकाणी सिंथेटिक पृष्ठभाग असतो, पण त्यावरही त्या एकोणचाळीस पट्ट्यांचं चित्र हटकून छापलेलं असतं, कारण खेळाडू सगळा हिशेब पट्ट्यांत करतात. फाउल लाइनच्या पुढे बारा ते सोळा फुटांच्या दरम्यान सात बाण असतात, दर पाचव्या पट्टीवर एक. मधला बाण विसाव्या पट्टीवर, अगदी पहिल्या पिनच्या रेषेत.

हे बाण शोभेचे नाहीत. नवखा माणूस नजर पिनांवर ठेवतो आणि साठ फुटांवरच्या लक्ष्याकडे बॉल फेकतो. सरावलेला खेळाडू पंधरा फुटांवरच्या बाणाकडे पाहतो आणि त्यावरून बॉल नेतो. जवळच्या खुणेवर नेम धरणं सोपं, हे तर आहेच. शिवाय त्यामुळे आपली चूक कळते. बॉल ठरलेल्या बाणावरून गेला की एक पट्टी डावीकडून, हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं. फाउल लाइनवर बॉल योग्य जागी टेकला आणि बाणापाशी एका पट्टीने चुकला, तर साठ फुटांवर ती चूक चौपट होते: चार पट्ट्या, म्हणजे जवळपास एका पिनच्या पोटाची रुंदी. पिनांकडे पाहणाऱ्याला फक्त 'चुकलं' एवढं कळतं. कुठे चुकलं ते कळत नाही. एवढी एक सवय बदलली तरी पुष्कळांचा खेळ त्याच दिवशी सुधारतो.

बॉल निवडताना लोक रंग पाहतात. पाहायचा अंगठा. काउंटरशेजारच्या रॅकवरच्या बॉलवर कोरलेला आकडा पौंडांतलं वजन सांगतो. नियमाने सर्वांत जड बॉल १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा बॉल घ्यावा असं ढोबळपणे सांगतात. तो ठोकताळा सुरुवातीला ठीक आहे, पण सतत व्यायाम करणाऱ्या तरुणाला आणि खांदा दुखणाऱ्या साठीच्या गृहस्थांना एकच नियम लावू नये. वजनापेक्षाही भोकं महत्त्वाची. अंगठा पूर्ण आत घातल्यावर मधलं बोट आणि अनामिका यांच्या मधल्या पेराची घडी भोकांच्या कडेशी यायला हवी. अंगठा सैल नको, पण ओढल्यावर अडकतही नको. भोक मोठं असलं की हात नकळत बॉल आवळतो, आणि बॉल आवळणं हा या खेळातला सर्वांत मोठा दोष. आवळलेल्या मुठीतून बॉल कधी लवकर सुटतो, कधी उशिरा, आणि दोन्ही वेळा भलतीकडे जातो. रॅकवरचे पाच-सहा बॉल हातात घेऊन पाहायला लाजू नका. मित्र हसतील, हसू द्या.

पावलांचं शिक्षण आपल्याकडे जवळजवळ कुणी देत नाही. लोक धावत येतात आणि फेकतात. सर्वांत सोपी पद्धत चार पावलांची. उजव्या हाताने खेळणाऱ्याने पहिलं पाऊल उजवं टाकायचं आणि त्याच वेळी छातीपाशी धरलेला बॉल समोर पुढे न्यायचा. दुसऱ्या पावलाला बॉल स्वतःच्या वजनाने खाली येतो, तिसऱ्याला मागे वर जातो, चौथ्याला डावा पाय घसरत फाउल लाइनच्या अलीकडे थांबतो आणि बॉल पुढे येऊन सुटतो. हात हा खांद्याला टांगलेला लंबक आहे. त्याला ढकलायचं नाही, ओढायचंही नाही. वेग वाढवायचा असेल तर बॉल सुरुवातीला थोडा वर धरावा, म्हणजे झोका उंच जातो. दंडाची ताकद लावली की खांदा फिरतो आणि दिशा बिघडते. चांगल्या खेळाडूचा बॉल पिनांपर्यंत साधारण अडीच सेकंदांत पोहोचतो. त्याहून खूप वेगाने गेलेला बॉल मोठा आवाज करतो, पण पिना एकमेकींवर लोळवण्याऐवजी त्यांना हवेत उडवतो, आणि उडालेल्या पिना शेजारणींच्या डोक्यावरून निघून जातात.

बॉल लेनवर आपटायचा नसतो; तो लाइनच्या थोडा पुढे, जमिनीला जवळजवळ समांतर ठेवून सोडायचा. सोडल्यावर लगेच वळून मित्रांकडे पाहू नका. डाव्या पायावर तोल धरून, हात बाणाच्या दिशेने वर नेऊन क्षणभर तसेच उभे राहा. तोल गेला असेल तर कुठेतरी आधीच चुकलेलं असतं. फाउल लाइनला पाय लागला तर त्या बॉलवर पडलेल्या पिना धरल्या जात नाहीत. हौशी ठिकाणी लाइनवरचा दिवा बहुधा बंदच असतो, म्हणून ही सवय लागत नाही. दिवा नसला तरी ती लावून घ्यावी.

पहिली पिन समोर, तिच्यामागे २ आणि ३, मग ४, ५, ६, आणि शेवटच्या रांगेत ७ ते १०. पिना एकमेकींपासून बारा इंचांवर, त्यामुळे तीन फूट बाजूचा समभुज त्रिकोण तयार होतो. प्रत्येक पिन पंधरा इंच उंच आणि साधारण दीड किलोची. तुलनेने बॉल खूप जड, तरी दर टकरीला तो थोडा वळतो. हलका बॉल जास्त वळतो. म्हणून बरोबर समोरून, पहिल्या पिनच्या नाकावर आदळणारा बॉल दिसायला झकास, पण परिणामाने वाईट. तो मधोमध घुसतो, मधल्या पिना मागे ढकलतो आणि दोन्ही बाजूंना पिना उभ्या ठेवतो. ४, ६, ७ आणि १० या चार पिना उरल्या तर समजावं, बॉल नको तितका सरळ नाकावर बसला.

उजव्या हाताने खेळणाऱ्याला बॉल १ आणि ३ यांच्या मधल्या फटीत हवा. तिला पॉकेट म्हणतात. (डावखुऱ्यांनी इथून पुढचं सगळं आरशात पाहावं, त्यांचं पॉकेट १ आणि २ यांच्यामध्ये.) आदर्श स्ट्राइकमध्ये बॉल फक्त चार पिनांना शिवतो: १, ३, ५ आणि ९. बाकीचं काम पिनाच करतात. १ पडते २ वर, २ पडते ४ वर, ४ पडते ७ वर. तिकडे ३ पडते ६ वर आणि ६ पडते १० वर. ५ नंबरची ८ ला घेऊन जाते. कॅरममध्ये सोंगटी कापून मारताना स्ट्रायकर कुठून येतो, किती जाड लागतो, यावर सगळं अवलंबून असतं, तसंच हे. जोर कमी असला तरी चालतो; कोन चुकला की संपलं.

हा कोन किती असावा? पिनांपाशी बॉल साधारण सहा अंशांच्या कोनात पॉकेटमध्ये शिरला तर स्ट्राइकची शक्यता सर्वांत जास्त, असं चाचण्यांतून दिसलं आहे. सहा अंश म्हणजे फार नाही असं वाटेल. पण लेन अरुंद आणि लांब आहे. अगदी उजव्या कडेवरून सरळ रेषेत बॉल सोडला आणि तो पॉकेटमध्ये गेला, तरी साठ फुटांत तो आडवा सरकतो जेमतेम दीड फूट. कोन होतो दीड अंशाच्याही आत. सरळ बॉलने सहा अंश मिळवणं भूमितीलाच मंजूर नाही. म्हणून व्यावसायिक खेळाडूंचा बॉल आधी उजवीकडे कडेकडे जातो आणि शेवटच्या टप्प्यात वळून पॉकेटमध्ये शिरतो. यालाच हूक म्हणतात. सरळ बॉल टाकणाऱ्यानेही निदान उजवीकडून तिरकं यावं, मधोमध नाही. आणि बॉल पॉकेटमध्ये जाऊनही ५ नंबरची पिन उरत असेल, तर कोन अपुरा आहे, बॉल आत शिरण्याऐवजी बाजूला फेकला जातोय, हे ओळखावं. कोणती पिन उरली यावरून काय चुकलं ते वाचता येतं. पडद्यावरचा आकडा तेवढं सांगत नाही. एक अपवाद सांगून ठेवतो: १० नंबरची पिन कधी कधी उत्तम बॉललाही उरते. ६ नंबरची तिच्या गळ्याभोवतून फिरून गटरमध्ये जाऊन पडते आणि १० तशीच ताठ. तिथे बोल कुणाला लावणार?

हूक शिकण्यापूर्वी लेनवरचं तेल समजून घ्यायला हवं, कारण या खेळातला सर्वांत महत्त्वाचा भाग डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. लेनवर खनिज तेलाचा अतिपातळ थर दिलेला असतो. पूर्ण लेनवर नाही. सुरुवातीचे साधारण चाळीस फूट. पुढचे वीस फूट कोरडे. एका लेनला लागणारं तेल जेमतेम २०-२५ मिलिलिटर असतं. मूळ हेतू लाकूड झिजू नये हा होता. आता तेल हाच खेळाचा नकाशा झाला आहे. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकडतो. म्हणून फिरकी दिलेला बॉल आधी सरळ घसरत जातो, तेल संपलं की वळतो, आणि शेवटी पूर्णपणे लोळू लागतो. घसरणं, वळणं, लोळणं, हे तीन टप्पे नीट झाले तर पिनांना हवा तो कोन मिळतो.

रोजच्या लेनवर तेल मध्यभागी खूप आणि कडेला कमी दिलेलं असतं. यात खेळाडूला गुपचूप मदत आहे. बॉल जरा जास्त उजवीकडे गेला तर कोरड्यावर पडून वळून परत येतो. जरा आत राहिला तर तेलावर घसरून तसाच धरतो. दोन्ही चुका आपोआप थोड्या सुधारतात. स्पर्धांसाठीच्या तेलात ही सवलत जवळपास काढून घेतलेली असते. कडेलाही भरपूर तेल असतं. ओळखीच्या लेनवर १८० करणारा गडी स्पर्धेत १४० वर येतो तो याच कारणाने. त्याचा हात एका रात्रीत बिघडलेला नसतो. शिवाय डाव चालू असताना तेल हलतं. बॉल काही तेल पुसून नेतो, काही पुढे वाहून नेतो. पहिल्या डावात जमलेली रेषा तिसऱ्या डावात चालत नाही, आणि ज्याला तेलाची कल्पना नाही तो स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतो.

तेलाइतकंच बॉलच्या कातडीला महत्त्व. १९७३ साली अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर डॉन मॅक्यून या खेळाडूने आपले प्लास्टिकचे बॉल एका द्रावणात भिजवून त्यांचा पृष्ठभाग मऊ केला. मऊ बॉल लेनला जास्त पकडतो आणि जास्त वळतो. त्या वर्षी त्याने सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मग बॉल किती कडक असावा याचे नियम आले आणि कडकपणा मोजायची यंत्रंही आली. पण तोपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं, की वळण जितकं हातात आहे तितकंच बॉलच्या कातडीत आहे. १९८०च्या दशकात युरेथेनचे बॉल आले, १९९०च्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिनचे, आणि वळण्याची ताकद कितीतरी वाढली.

यातून आपल्यासाठी निघणारा निष्कर्ष फार साधा आहे. रॅकवरचा भाड्याचा बॉल कडक पॉलिएस्टरचा असतो. तो मुद्दाम सरळ जाण्यासाठीच बनवलेला. त्याला वळवायला मनगट पिळून काहीही साधत नाही. मनगट मात्र दुखतं. युट्यूबवर व्यावसायिकांचे हूक पाहून मॉलमधल्या बॉलने तसं करायला जाणारी मुलं मी नेहमी पाहतो आणि मला त्यांच्या मनगटांची काळजी वाटते. हूक मनगटाच्या झटक्याने येत नाही. हात बॉलच्या मागे आणि किंचित खाली असताना आधी अंगठा बाहेर येतो, बॉल क्षणभर दोन बोटांवर उरतो, आणि ती बोटं त्याला बाजूने वर उचलत सोडतात. शेवटी हात समोरच्याशी हस्तांदोलन करायला पुढे केल्यासारखा असावा, तळवा जमिनीकडे नको. खेळ गंभीरपणे करायचा ठरला, तर स्वतःच्या हाताच्या मापाने भोकं पाडलेला बॉल घ्यावा, ज्यात बोटं पहिल्या पेरापर्यंतच जातात. तोवर सरळ बॉल टाकायला कमीपणा मानू नका. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर ४७ विजेतेपदं मिळवणारा वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर दिखाऊ हूकपेक्षा अचूकतेसाठी आणि स्पेअरसाठी ओळखला गेला. लोखंडी नाल खुंटीवर फेकण्याच्या हॉर्सशू या खेळातही तो जगज्जेता होता; त्यातही खालून, एकसारखं, पुन्हा पुन्हा तसंच फेकणं हेच सगळं.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टी आहे. आईवडिलांनी न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज या गावात बोलिंग सेंटर काढलं होतं; लहानपणी बॉल जड म्हणून तो दोन्ही हातांनी ढकलायचा. मोठा झाल्यावरही त्याने ती पद्धत सोडली नाही. अंगठा भोकात न घालता, दुसऱ्या हाताचा आधार देऊन तो बॉलला प्रचंड फिरकी देतो. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. आज पंधरा प्रमुख विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत आणि जगभरची मुलं दोन हातांनी खेळतात. मात्र ही पद्धत पाठीच्या कण्यावर आणि तोलावर बराच भार टाकते. चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

आता पुन्हा स्पेअरकडे. एकटी पिन दुरून बारीक दिसते, पण नेमाच्या दृष्टीने ती बारीक नाही. पिनचं पोट पावणेपाच इंचांचं, बॉलचा व्यास साडेआठ इंच. बॉलचा मध्य पिनच्या मध्यापासून दोन्हीकडे साडेसहा इंचांच्या आत कुठेही आला तरी पिन पडते. म्हणजे लक्ष्य तेरा इंच रुंद आहे. कोपऱ्यातल्या ७ आणि १० यांचं लक्ष्य अरुंद होतं, कारण एका बाजूला तीन इंचांवर गटर असतं. तिथे नऊ-साडेनऊ इंच मिळतात. म्हणून कोपऱ्यातल्या पिनकडे नेहमी समोरच्या कोपऱ्यातून तिरकं जावं: १० साठी डावीकडे उभं राहून, ७ साठी उजवीकडे. कडेकडेने सरळ गेलात तर सगळी वाट गटरच्या काठाने चालावी लागते आणि थोडी चूकही माफ होत नाही. ज्यांचा बॉल वळतो, त्यांनी स्पेअरसाठी तरी रॅकवरचा प्लास्टिकचा बॉल घ्यावा. पुष्कळ व्यावसायिक खेळाडूही तेच करतात.

उभं कुठे राहायचं याचा जुना हिशेब आहे आणि तो सुंदर आहे. बाण तोच ठेवायचा, पाय हलवायचे. बाण मध्ये खुंटीसारखा स्थिर राहिला, की पाय उजवीकडे गेले तितका बॉल पुढे डावीकडे जातो. फाउल लाइनपासून बाण पंधरा फूट, बाणापासून पिना पंचेचाळीस फूट. म्हणजे शुद्ध भूमितीने एक पट्टीचा बदल पिनांपाशी तीन पट्ट्यांचा होतो. चालताना माणूस नकळत बाणाकडे थोडा ओढला जातो, म्हणून प्रत्यक्षात फरक दुपटीच्या आसपास भरतो. त्यावरून प्रशिक्षक तीन-सहा-नऊ शिकवतात: स्ट्राइकच्या जागेपासून २ साठी तीन पट्ट्या उजवीकडे, ४ साठी सहा, ७ साठी नऊ. उजवीकडच्या पिनांसाठी हाच हिशेब १० च्या जागेपासून उलटा मांडायचा. तुमची पावलं आणि तुमचा बॉल यांनुसार आकडे एक-दोन पट्ट्यांनी बदलतील. ते स्वतःच शोधावे लागतात.

पहिल्या बॉललाही हाच नियम लागू. बॉल सतत पॉकेटच्या डावीकडे जात असेल, तर पाय डावीकडे सरकवायचे, बाण तोच. उजवीकडे राहत असेल तर पाय उजवीकडे. थोडक्यात, चूक ज्या बाजूला, पाय त्या बाजूला. मनाला हे उलटं वाटतं. मन म्हणतं, बॉल डावीकडे जातोय तर उजवीकडे फेक. त्या नादात माणूस हात वाकडा करतो आणि जे नीट चाललं होतं तेही बिघडतं. एकाच चुकीच्या बॉलवर जागा बदलू नका मात्र. चूक बाणापाशी झाली असेल, तर ती तुमची. बॉल बाणावरून बरोबर गेला आणि तरी पॉकेट चुकलं, तर लेनची. जागा दुसऱ्या प्रकारातच बदलायची.

स्प्लिटचं, म्हणजे मध्ये मोकळी जागा सोडून उरलेल्या पिनांचं, आकर्षण सोडा. दोन टोकांना ७ आणि १० उरल्या की त्यांच्यात तीन फुटांचं अंतर असतं, आणि एका बॉलने दोन्ही पाडणं इतकं दुर्मीळ, की टीव्हीवरच्या व्यावसायिक स्पर्धेत ते प्रथम साधणारा मार्क रॉथ १९८०च्या त्या एका बॉलसाठी अजून आठवला जातो. आपण शांतपणे एक पिन पाडावी, एक गुण घ्यावा, पुढच्या फ्रेमकडे जावं.

सरावाचा प्रश्न आपल्याकडे अवघड आहे. मुंबई-पुण्यात लेन बहुधा मॉलमधल्या गेम झोनमध्ये असतात, दर डावाला पैसे मोजावे लागतात, आणि शनिवारी संध्याकाळी चार मित्रांत मिळून खेळताना प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या तासात मोजकेच बॉल येतात. पिनांना वर दोऱ्या बांधलेल्या आहेत का, तेही पाहून घ्या. दोरीच्या यंत्रावरच्या पिना मोकळ्या पिनांसारख्या उडत-लोळत नाहीत, त्यामुळे तिथले गुण इतर ठिकाणच्या गुणांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी एकट्याने जावं, असं मी सुचवेन. एक डाव असा खेळा, की स्ट्राइक मारायचाच नाही: पहिल्या बॉलला फक्त ७ नंबरच्या पिनवर नेम, दुसऱ्याला फक्त १० वर. गुण लाजिरवाणे येतील, पण एका डावात कोपऱ्यांचा जेवढा सराव होईल तेवढा नेहमीच्या दहा डावांत होत नाही. छोट्या वहीत दर फ्रेमला दोनच गोष्टी लिहा: बॉल कोणत्या पट्टीवरून गेला आणि कोणती पिन उरली. थोड्याच दिवसांत वहीत एकच पिन पुन्हा पुन्हा दिसू लागेल. ती तुमची दुखरी जागा. पावलांचा सराव घरी रिकाम्या हाताने, मोजे घालून गुळगुळीत फरशीवर होतो. त्याला पैसे पडत नाहीत. फक्त जपून घसरा.

ज्यांना स्पर्धा खुणावत असेल त्यांना वाट मोकळी आहे. देशात टेनपिन बोलिंग फेडरेशन आहे, राष्ट्रीय स्पर्धा होतात. कर्नाटकचा शेख अब्दुल हमीद, दिल्लीचा ध्रुव सारडा, तमिळनाडूचा शब्बीर धनकोट हे राष्ट्रीय विजेते याच मॉल-युगातून वर आले. या खेळाचं आशियाई स्पर्धांशी नातं मात्र लपंडावाचं राहिलं. १९७८ साली बँकॉकमध्ये तो प्रथम आला, १९८२ साली दिल्लीत वगळला गेला, १९८६ साली सोलमध्ये परतला. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनापुरता होता. ऑलिंपिकच्या पदकांच्या यादीत त्याला अजून जागा मिळालेली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी जाल तेव्हा बॉलचा रंग पाहू नका, अंगठा घालून पाहा. नजर बाणावर ठेवा. आणि घरून मोजे न्या. भाड्याच्या बुटांत बिनमोज्यांचा पाय घालू देत नाहीत, आणि काउंटरवर मिळणारे मोजे विनाकारण महाग असतात.